ब्रॉयलरच्या खाद्यातील ऊर्जास्रोत आणि यकृताचे आरोग्य

ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात सर्वाधिक खर्च ऊर्जेवर होतो. पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात साधारणतः प्रतिकिलो 3000 किलोकॅलरी आणि विक्रीपूर्व खाद्यात सुमारे 3200 किलोकॅलरी चयापचय ऊर्जा राखली जाते. ही ऊर्जा मक्यातून आली, तांदळाच्या कणीतून आली किंवा तेलातून आली, तरी कागदावरील बेरीज सारखीच येते. यकृतावर पडणारा भार मात्र स्रोतागणिक बदलतो. इथेनॉलनिर्मितीसाठी मक्याची मागणी वाढल्यापासून खाद्यातील मक्याची जागा इतर धान्ये व उपपदार्थ घेऊ लागले आहेत. त्यामुळे हा फरक आता थेट उत्पादकाच्या नफातोट्याशी जोडला गेला आहे.

कोंबडीच्या शरीरात मेदाम्लांची निर्मिती बहुतांशी यकृतातच होते. गाय किंवा डुकरात हे काम मुख्यतः मेद-ऊती करते; कोंबडीच्या पोटातील चरबी मात्र यकृतात तयार होऊन रक्तावाटे तेथे पोहोचलेली असते. शिवाय पक्ष्यांतील लसिकासंस्था अल्पविकसित असल्याने आतड्यात शोषलेले तेलही शिरेवाटे थेट यकृतात येते. म्हणजे पिष्ट असो वा तेल, दोन्हींचा पहिला मुक्काम यकृतच.

तरीही दोन्हींचा परिणाम एकसारखा नाही. पिष्टमय पदार्थ अधिक असल्यास अतिरिक्त ग्लुकोजचे मेदाम्लांत रूपांतर करणारी विकरे यकृतात वेगाने कार्यरत होतात. त्याच ऊर्जेचा काही भाग तेलातून दिला, तर ही निर्मिती मंदावते. मक्यात प्रतिकिलो सुमारे 3300 किलोकॅलरी, तर वनस्पती तेलात सुमारे 8800 किलोकॅलरी ऊर्जा असल्याने अल्प तेलही हिशेब बराच बदलते. ऊर्जा वाढवताना प्रथिने व अमिनो आम्ले त्या प्रमाणात वाढवली नाहीत, तर जादा ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते. पहिल्या आठवड्यात पिल्लांचे पित्त व चरबी पचविणारी विकरे अपुरी असतात. त्यामुळे या वयात प्राणिज चरबीपेक्षा सोयाबीनसारखे असंतृप्त तेल अधिक चांगले पचते.

तयार झालेली चरबी यकृताबाहेर पडणेही तितकेच महत्त्वाचे असते. ती वाहून नेणाऱ्या कणांच्या बांधणीस कोलीन लागते. कोलीन किंवा मेथिओनीन कमी पडल्यास चरबी पेशींतच साचते. तांदळाची कणी ऊर्जेत मक्याच्या जवळपास असली, तरी तिच्यात तेल अत्यल्प असते. खाद्यात लिनोलिक आम्ल सुमारे 1 टक्का असावे लागते. ते सातत्याने कमी राहिल्यास वाढ खुंटते आणि यकृत मोठे व मेदयुक्त होते. म्हणून कणीचे प्रमाण वाढवताना तेल वगळणे ही खोटी काटकसर ठरते.

गव्हाची अडचण निराळी आहे. मक्यातील बायोटिन कोंबडीला जवळजवळ पूर्ण मिळते, गव्हातील फारच थोडे. यकृतात ग्लुकोज तयार करण्यासाठी बायोटिन आवश्यक असते. ते कमी असलेली दोन-तीन आठवड्यांची, वरकरणी धडधाकट दिसणारी पिल्ले काही तास उपाशी राहिली तरी रक्तातील साखर घसरून दगावू शकतात. त्यांचे यकृत व मूत्रपिंड फिकट आणि सुजलेले आढळतात. गहू स्वस्त मिळाला म्हणून वापरताना बायोटिनची पूर्तता तपासणे त्यामुळे अनिवार्य ठरते.

पोषणमूल्यांचे गणित अचूक असूनही खराब कच्चा माल यकृताची हानी करतो. ओलसर साठवणुकीत मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफलाटॉक्सिन यकृताच्या पेशींवरच आघात करते. इथेनॉल काढल्यानंतर उरणाऱ्या मक्याच्या चोथ्यात पिष्ट निघून गेल्याने उर्वरित घटक सुमारे तिपटीने एकवटतात. बुरशीची विषेही त्यांतच येतात, कारण किण्वनाने ती नष्ट होत नाहीत. मूळ मक्यात नगण्य वाटणारे प्रमाण चोथ्यात धोकादायक होऊ शकते, म्हणून प्रत्येक खेपेची चाचणी हवी. तेल काढून न घेतलेला भाताचा कोंडाही लवकर खवट होतो, आणि खवट चरबी यकृतातील ई जीवनसत्त्वाचा साठा संपवते.

शवविच्छेदनात दिसणाऱ्या रंगावरून घाईने निष्कर्ष काढणेही योग्य नाही. नुकत्याच उबलेल्या पिल्लाचे यकृत पिवळे असणे स्वाभाविक आहे. तो रंग शोषलेल्या बलकाचा असतो आणि साधारणतः दुसऱ्या आठवड्यापर्यंत तेथे तांबूस-तपकिरी छटा येते. त्यानंतरही यकृत पिवळे, फुगलेले व बोटाने दाबताच फुटणारे आढळले, तर खाद्याकडे पाहावे लागते. अनेक ठिकाणी अशा वेळी प्रथम पाण्यातून यकृताचे टॉनिक सुरू होते आणि खाद्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो तो मरतूक वाढल्यावर. तोवर संशयित खेप बहुधा खाऊन संपलेली असते. यासाठी प्रत्येक खेपेचा थोडा नमुना, तारीख लिहून, कळप विकला जाईपर्यंत कोरड्या जागी राखून ठेवावा.