घारापुरी : बेट आणि लेणे

समुद्र हा आपल्या जिल्ह्याच्या नित्य अनुभवातला विषय नव्हे. आपल्याकडे पडलेला पाऊस दुधना, पूर्णा आणि गोदावरी यांच्या वाटेने पार पूर्वेच्या सागराला मिळतो. पश्चिमेचा समुद्र पाहायचा तर रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठावी लागते. कामानिमित्त मुंबईस जाणारे परभणीकर काही थोडेथोडके नाहीत. त्यांतले पुष्कळजण गेटवे ऑफ इंडियापाशी उभे राहून लाटा पाहतात आणि तेथूनच सुमारे १० किलोमीटरवर, लाँचने तासाभरात येणाऱ्या घारापुरीस मात्र जात नाहीत. जे जातात, ते ‘त्रिमूर्ती’ पाहून लगोलग परततात. ज्याने वेरूळ पाहिले आहे, त्याला घारापुरी फार चांगली कळू शकते, असे आमचे मत आहे. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडीत आहो.

प्रथम बेटाच्या दगडाविषयी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्ह्याचे थरांवर थर बाहेर पडले आणि थिजले. त्यापासूनच सह्याद्री झाला, वेरूळचा डोंगर झाला, घारापुरीच्या दोन टेकड्याही झाल्या. आपल्या शिवारातली काळी माती म्हणजे त्याच खडकाची झीज. तेव्हा घारापुरीच्या धक्क्यावर उतरणारा परभणीकर कातळाच्या दृष्टीने घरीच असतो! परकी वाटते ती किनाऱ्याची बाजू : भरतीच्या पाण्यात पाय बुडवून उभे असलेले कांदळवन, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, आणि त्या चिखलातून श्वासासाठी वर डोकावणारी तिवरांची मुळे. भरती-ओहोटीने या बेटाचा आकारसुद्धा बदलतो. भरतीला सुमारे १० चौरस किलोमीटर असलेली जागा ओहोटीला १६ च्या घरात जाते. धक्क्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. परंतु ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चालत जावे, म्हणजे हे सारे दिसेल. पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. वयस्कर मंडळींसाठी डोलीही मिळते.

इतके मोठे लेणे पाण्याने वेढलेल्या बेटावर कोणी का खोदावे, असा प्रश्न मनात येतो. आज आपल्याला समुद्र आडवा आल्यासारखा वाटतो. त्या काळी तोच हमरस्ता होता. येथे रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. मोराबंदर, शेतबंदर, राजबंदर ही इथल्या तीन वस्त्यांची नावेच पाहा, तिन्हींत बंदर आहे. हे काही एकांतातले तपोवन नव्हते. वाहत्या रस्त्यावरचे मोठे देवस्थान होते.

आता मुख्य लेणे. ते सहाव्या शतकातले मानतात. उत्तरेच्या दारातून आत शिरलो की खांबांची रांग, आणि सुमारे ३९ मीटर खोल मागच्या भिंतीत ती प्रख्यात मूर्ती. येथे क्षणभर वेरूळचे २९ क्रमांकाचे लेणे, डुमार लेणे, आठवावे. तीच मांडणी : तिन्ही बाजूंनी उजेड, चार दारांचे शिवाचे गर्भगृह, प्रत्येक दाराशी दोन धिप्पाड द्वारपाल. पायऱ्यांशी बसलेले सिंहसुद्धा दोन्हीकडे आहेत. कैलास हलवणारा रावण, शिवपार्वतीचा सारीपाट, त्यांचे लग्न, अंधकासुराचा वध, हे प्रसंगही दोन्हीकडे भेटतात. इतक्या अंतरावरच्या या दोन लेण्यांत हे साम्य आपोआप आलेले नाही. कारागिरांची एकच परंपरा दोन्हीकडे वावरत होती, हे उघड दिसते.

वेरूळला नाही ते मात्र ही महामूर्ती. उंची सुमारे साडेपाच मीटर. तिला त्रिमूर्ती म्हणण्याची रूढी पडली आहे आणि त्यामुळे लोक ब्रह्मा, विष्णू, महेश असे मोजू लागतात. वास्तविक तीनही मुखे शिवाचीच. हा सदाशिव होय. आपल्या डाव्या हातास मिशा असलेला उग्र भैरव, हाती सर्प. उजवीकडे कमळ धरलेले कोमल, जवळजवळ स्त्रीचे वाटावे असे मुख. आणि मध्ये यांतले काहीच अंगाला लागू न दिलेला शांत चेहरा. डावीकडे अर्धनारीश्वर आणि उजवीकडे गंगाधर आहेत, ते याच विचाराचा विस्तार म्हणून पाहावे. प्रकाश बाजूंनी येतो, म्हणून सकाळचा आणि दुपारनंतरचा सदाशिव वेगळा दिसतो. घाईने छायाचित्र काढून परतणाऱ्यास हे कसे दिसावे? तेथे अर्धा तास खाली बसावे, एवढेच आमचे सांगणे.

मूर्तींची मोडतोड पाहून मन विषण्ण होते. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. त्यांच्या शिपायांनी मूर्तींवर नेम धरल्याचे सांगतात. त्याहून मोठी हानी आम्हांला वेगळीच वाटते. येथला एक शिलालेख काढून त्यांनी आपल्या राजाकडे पाठवला, असे त्यांच्याच इतिहासकाराने नमूद केले आहे. तो पुढे सापडला नाही. तुटलेला हात कल्पनेने जोडता येतो. पुसलेले नाव कसे जोडणार? बेटावर कलचुरी कृष्णराजाची नाणी मिळाली, म्हणून अनेक अभ्यासक कलचुरींकडे बोट दाखवतात. १९८७ मध्ये जागतिक वारशात गणल्या गेलेल्या लेण्याच्या कर्त्याविषयी एवढ्याच आधारावर बोलावे लागते.

बेटावर माणसे राहतात, हेही पाहुण्यांच्या ध्यानी असावे. रोज समोर मुंबईचे दिवे पाहणाऱ्या या गावकऱ्यांना समुद्राखालच्या तारेने वीज मिळाली ती २०१८ साली! तोवर रात्री काही तास जनित्रावर भागत असे. पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे लाँचही बंद राहतात. सोमवारी लेणे बंद असते. बेटावर पाहुण्यांस मुक्काम करता येत नाही, तेव्हा परतीची शेवटची लाँच आधीच विचारून ठेवावी. वेळ उरल्यास वर टेकडीवर दोन जुन्या अजस्र तोफा आहेत. त्यांच्यापेक्षा तेथून दिसणारी खाडी आम्हांला अधिक आवडली.

आणि ‘एलिफंटा’ या नावाचा हत्ती? राजबंदराच्या बाजूस एक मोठा दगडी हत्ती उभा होता. त्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याची मान व डोके गळून पडले, पुढे धडही कोसळले. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईस नेले गेले आणि नंतर जुळवण्यात आले. तो आता भायखळ्यास, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. परतीची गाडी रात्रीची असेल, तर संध्याकाळ होण्यापूर्वी त्याची भेट घेता येते.