लॉरीतलं थिएटर

जेऊर हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरचं, करमाळा तालुक्यातलं गाव. दिग्दर्शक नागराज मंजुळे इथलेच. त्यांच्या 'पिस्तुल्या', 'फँड्री' आणि 'सैराट'मुळे हा मुलूख पडद्यावर गेला. त्याआधी कित्येक वर्षं पडदाच लॉरीत बसून अशा मुलखात येत असे. परवान्यावर त्याचं नाव 'टुरिंग टॉकीज'. लोकांच्या तोंडी मात्र 'तंबूतला सिनेमा'.

ही वाट जुनी आहे. अब्दुलअली युसुफअली १९०१पासून आग्नेय आशियात आणि १९०८पासून भारतात तंबू घेऊन हिंडले. त्यांच्या तंबूत हजारेक माणसं मावत. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणल्यावर दादासाहेब फाळकेही बैलगाडीत यंत्र घालून गावोगाव फिरले.

पुढे पश्चिम महाराष्ट्रात तंबूवाल्यांचं वर्ष देवांच्या पंचांगाने चालू लागलं. सुगी घरात आली की यात्रा सुरू, पाऊस आला की तंबू गुंडाळायचा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या यात्रांत कुस्त्या, पाळणे आणि तमाशाच्या शेजारी सिनेमाचा तंबू लागे. दिवसभर भोंग्यावरून पुकारा, दिवेलागणीला तिकीट, आणि बसायला जमीन.

या साऱ्याचा जीव लॉरीच्या हौद्यात असे. प्रोजेक्टर तिथेच बसवलेला; त्याचा झोत लोकांच्या डोक्यांवरून समोरच्या पडद्यावर जाई. कार्बनच्या दोन कांड्या टेकवून किंचित दूर केल्या की फटीत झगझगीत ज्योत पेटे आणि मागचा अंतर्गोल आरसा तो उजेड फिल्मवर एकवटे. जळता जळता कांड्या आखूड होत. ऑपरेटरने अंतर सांभाळलं नाही, तर नायिकेच्या तोंडावर अंधारी येई. दातेरी चाक फिल्मला सेकंदाला २४ वेळा ओढे आणि थांबवी. त्या थांबण्यामुळेच चित्र हलताना नीट दिसे. मिनिटाला ९० फूट हा हिशेब धरला, तर तीन तासांच्या खेळाला सोळा हजार फुटांहून जास्त फिल्म लागे, म्हणजे २,००० फुटी आठ-नऊ रिळं. यंत्र एकच असलं, तर रीळ बदलेपर्यंत अंधार आणि शिट्ट्या.

व्हिडिओ, केबल आणि मोबाइलने गिऱ्हाईक नेलं. डिजिटलने रीळच नेलं. प्रिंट निघेनाशा झाल्या, तशी यंत्रं भंगारात गेली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ही उतरती वर्षं 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात टिपली. २०१६च्या मे महिन्यात तो फ्रान्सच्या समुद्रकाठी, कान महोत्सवात दाखवला गेला. त्याच्या काही दिवस आधी, २९ एप्रिलला, 'सैराट' प्रदर्शित झाला होता. एकाच उन्हाळ्यात खेड्यातला पडदा परदेशी पोचला आणि खेड्यातली गोष्ट राज्यभर गाजली.

तंबूतला सिनेमा म्हणजे थिएटर परवडत नसणाऱ्यांची तात्पुरती सोय, असं समजणं चूक आहे. माणसं देवाला येतील तिथे, त्याच तिथीला पडदा न्यायचा, ही त्याची स्वतःची रीत होती. मल्टिप्लेक्सला ती अजून जमलेली नाही. यात्रा समित्या कुस्तीच्या फडाला आणि तमाशाच्या कनातीला जागा राखतात. त्यांनी एका तंबूलाही राखावी, आणि एखादी चालू लॉरी भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी वाचवावी.