पान आणि नळी

ओहोटीच्या वेळी रत्नागिरी-मालवणच्या कातळावर हिरवेगार, पातळ पान चिकटलेले दिसते. ते ‘उल्वा’ नावाचे समुद्री शेवाळ. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आडवा छेद पाहिला, तर पेशींचे दोनच थर दिसतात. त्याचे दुसरे भावंड पोकळ नळीसारखे असते. नळीची भिंत एकाच थराची. लिनियसने १७५३ मध्ये दोघांना एकाच प्रजातीत ठेवले होते. १८२० मध्ये नळीवाल्याची वेगळी चूल मांडली गेली. नाव पडले ‘एन्टेरोमॉर्फा’. २००३ मध्ये डीएनए तपासणीने ती पुन्हा एक केली, म्हणजे १८३ वर्षांनी! काही जाती तर परिस्थितीनुसार रूपच पालटतात. आम्ही कवी रूपावर भाळणारे. पण शेवाळाला नुसत्या रूपावरून नाव देण्याची घाई करू नये.