हातभर अंतर

जबलपूर हे शस्त्रे घडवणाऱ्यांचे शहर. जीसीएफ, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, इथे १९०४ पासून आहे, खमरियाच्या कारखान्यात दारूगोळा तयार होतो आणि शहरातली कितीतरी घरे याच पगारावर उभी राहिली. तरी इतिहासात या गावाचे नाव ज्या हत्याराशी जोडले गेले, ते हातभर कापडाचे होते. नागपूरकर भोसल्यांच्या हातून हा मुलूख १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. पुढे विल्यम हेन्री स्लीमन इथे अधिकारी म्हणून आला आणि ठगांविरुद्धची मोहीम त्याने १८३० पासून जबलपूर-सागर भागातून चालवली. पकडलेल्या ठगांपैकी जे माफीचे साक्षीदार झाले, त्यांच्या जबान्या त्याने ‘रामसीआना’ या पुस्तकात १८३६ साली छापल्या. त्या वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. ज्यांचा जीव गेला त्यांच्यातल्या अनेकांकडे तलवारी होत्या, काठ्या होत्या, काही तर रजेवर घरी निघालेले कसलेले शिपाई होते. मारणाऱ्याकडे रुमाल होता. तरी रुमाल जिंकला, आणि तो का जिंकला हे समजून घेतले तर आजच्या स्वसंरक्षणाच्या चर्चेतली अर्धी गफलत दूर होईल.

ठगांचे काम वाटून दिलेले असे. गोड बोलून वाटसरूंशी ओळख काढणारा सोठा, गळ्याला फास टाकणारा भरतोट, ऐन वेळी हात धरून ठेवणारा शमसिया आणि खड्डा खणणारा लुघा. दोन-तीन मुक्काम सोबतीने व्हायचे, एकत्र स्वयंपाक व्हायचा, आणि मग एखाद्या आमराईत, नाल्याकाठी सगळे विसाव्याला टेकले की तंबाखू मागण्यासारखे कुणालाही न खटकणारे वाक्य उच्चारले जाई. तोच इशारा. ती वेळ येईपर्यंत भरतोट पाठीशी आणि शमसिया शेजारी येऊन बसलेला असे. कमरेची तलवार उपसायला लागते तेवढी जागा आणि तेवढा क्षणही वाटसरूकडे उरलेला नसे. रुमालाला वाव मिळायचा तो या संपलेल्या अंतरामुळे. कापडात स्वतःची अशी ताकद काहीच नव्हती.

यावर इतिहासाचा अभ्यासक लगेच हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. माफीचे साक्षीदार फाशीच्या सावलीत बोलत होते, इंग्रजांना आपला अंमल पक्का करायला एक भयंकर शत्रू हवा होता, त्यामुळे बळींचे आकडे आणि देवीच्या नावावर खपवलेल्या कथा यांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. पण माझे म्हणणे आकड्यांवर उभे नाही, पद्धतीवर आहे. त्या पद्धतीचा पुरावा स्लीमनच्या आधीचा आहे. मेजर जनरल सेंट लेजर याने १८१० सालीच रजेवर जाणाऱ्या शिपायांसाठी हुकूम काढला होता. त्याचा मथितार्थ असा, की रोकड जवळ न बाळगता हुंडी करावी, उजाडण्यापूर्वी मुक्काम सोडू नये, वाटेत गळ्यात पडणाऱ्या अनोळखी माणसांची सोबत आणि त्यांनी देऊ केलेले खाणेपिणे टाळावे. सैन्याचा अधिकारी सैनिकांना सांगतो आहे आणि त्यात हत्याराचा भर नाही. लक्ष सगळे वेळ, जागा आणि सोबत यांवर आहे. दोनशे वर्षांनंतरही यात फारशी सुधारणा करावी लागत नाही.

आज स्वसंरक्षण म्हटले की पर्समध्ये काय ठेवावे याची यादी पुढे येते. त्यातल्या एकेका वस्तूकडे नीट पाहावे. किल्ल्या बोटांच्या बेचक्यात धरून ठोसा मारावा, हा सल्ला फार प्रसिद्ध आहे आणि तो वाईट आहे. ठोसा बसताच किल्ली बोटांमध्ये वळते आणि पहिली इजा आपल्याच हाताला होते. शिवाय तो ठोसा मारण्यासाठी हल्लेखोराच्या हाताच्या टप्प्यात शिरावे लागते. तिखटाची पूड पर्समध्ये तळाशी पुडीत असते. ती शोधायची, सोडायची, मुठीत घ्यायची आणि वारा आपल्याकडे नाही ना हे पाहून उधळायची, इतकी सवड कुणी देत नाही. आता लांब दांड्याची छत्री घ्या. ती एका हाताने डोक्यावर मारायला गेले तर समोरचा सहज हिसकावून घेईल. तीच दोन हातांत, एक हात मुठीजवळ आणि दुसरा मधोमध, टोक पुढे अशी धरली तर जवळ येणाऱ्याला छातीशी, पोटाशी टोचून थोपवता येते. पाठीवरची सॅक पुढे घेतली की ढाल होते. हेल्मेट, खुर्ची, भाजीची भरलेली पिशवी, उभी केलेली स्कूटर, सगळ्यांचा खरा उपयोग मध्ये काहीतरी राहावे एवढाच. कामाची वस्तू ती, जी आधीपासून हातात आहे, जिला शिकवणी लागत नाही आणि जी दोन माणसांमधली जागा वाढवते. जखम करणे हे तिचे काम मानले की आपण नको तितके जवळ जातो आणि नको तितका वेळ तिथे थांबतो.

म्हणूनच वस्तूपेक्षा परिसराला मी जास्त मोल देतो. जबलपुरातल्या मदनमहालच्या टेकडीवर ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकमेकींवर रेललेल्या आहेत. दोन पावलांवरचा माणूस शिळेआड दिसत नाही, आणि तिथे एकट्याने उशिरापर्यंत रेंगाळणे आणि मालवीय चौकातल्या दुकानांसमोर उभे राहणे यात जो फरक आहे, तो कोणत्याही स्प्रेने भरून निघणारा नाही. कुणी पाठलाग करतो आहे असे वाटले की घराकडे धावण्याची ओढ असते, पण घराच्या वाटेवर अंधारी गल्ली असेल तर उघडे मेडिकल दुकान, रिक्षा स्टँड, पेट्रोल पंप जास्त जवळचा आणि जास्त उपयोगी. रस्ता ओलांडून पलीकडे जावे. तोही ओलांडून आला तर शंका उरत नाही. दोन उभ्या गाड्यांच्या मधून न जाता त्यांना वळसा घालावा, गाडी आपल्या आणि त्याच्यामध्ये ठेवावी. गर्दीत नुसते ‘वाचवा’ ओरडले तर प्रत्येकाला वाटते, दुसरा जाईल. ‘ओ निळ्या शर्टवाले दादा, हा माणूस माझ्या मागे लागलाय, ११२ लावा’ असे एका माणसाला उद्देशून म्हटले की त्या माणसाला हलावेच लागते. फोनमधली आणीबाणीची सोय वेळेवर शोधून सापडत नाही. ती आधीच लावून, तपासून ठेवायची गोष्ट आहे.

प्रतिकार केला तर तो अधिक चवताळेल, गप्प राहिलेले बरे, ही समजूत आपल्या घराघरांत मुलींना दिली जाते. पैशाच्या किंवा फोनच्या चोरीत ती बहुतांशी खरी मानावी. मोबाइल देऊन टाकावा, तो पुन्हा घेता येतो. पण शरीरावरच्या हल्ल्याच्या बाबतीत पुरावा उलट बाजूला झुकतो. अमेरिकेतल्या गुन्हेपीडितांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाची दहा वर्षांची माहिती तपासून टार्क आणि क्लेक या अभ्यासकांनी २००४ साली दाखवले, की प्रतिकारामुळे इजा क्वचितच वाढते. जिथे प्रतिकार आणि इजा दोन्ही आढळतात तिथे बहुधा इजा आधी झालेली असते. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर झालेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना बारा तासांचे प्रशिक्षण मिळाले, त्यांच्यात वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के राहिले आणि ज्यांना फक्त माहितीपत्रके मिळाली, त्यांच्यात ते ९.८ टक्के होते. त्या बारा तासांत लाथाबुक्क्या होत्या, पण मोठा भाग धोका लवकर ओळखण्याचा आणि ओळखीच्या माणसाला तोंडावर नाही म्हणताना जो संकोच आड येतो, तो दूर करण्याचा होता.

ओळखीचा माणूस, हाच सगळ्यात अवघड भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात, की बलात्काराच्या नोंदलेल्या दहांपैकी नवाहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीतला असतो. मग अंधारी गल्ली, छत्री, रिक्षा स्टँड यांचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर प्रश्न बिनतोड वाटतो. पण ठगही परके म्हणून हल्ला करत नव्हते. ते आधी सोबती होत आणि मग हात टाकत. घरात येणारा नातलग, शिकवणीचा सर, कामावरचा साहेब यांच्यापुढे अंतर राखणे म्हणजे ‘नको, मी इथे थांबणार नाही’ हे आवाज चढवून, चारचौघांत, उद्धट ठरण्याची तयारी ठेवून म्हणता येणे. हे मुलींना शिकवायचे तर आधी घरातल्या मोठ्यांनी त्यांच्या नकाराचा मान राखला पाहिजे. नवरा किंवा घरचाच कुणी मारहाण करत असेल तर घरातल्या वस्तूंचा विचारही उलटा करावा लागतो. वाद पेटतो आहे असे दिसले की स्वयंपाकघरातून बाहेर पडावे. सुरी, लाटणे, उकळते तेल तिथे आहे आणि ते सहसा बलवान हाताला आधी लागते. न्हाणीघरात कडी लावून कोंडून घेण्यापेक्षा बाहेरच्या दाराजवळची खोली बरी. शेजारच्या काकूंना एक ठरलेली खूण सांगून ठेवावी, कागदपत्रे आणि थोडे पैसे एका पिशवीत वेगळे ठेवावेत. हे सगळे बाईनेच का करायचे, हा सवाल मला मनापासून पटतो. हल्ल्याचा दोष हल्लेखोराचाच, आणि रस्त्यावर दिवे लावणे, गस्त घालणे ही महापालिकेची आणि पोलिसांची जबाबदारी. पण ती पूर्ण होईपर्यंतचे दिवस कुणाला तरी काढायचे आहेत, आणि त्या दिवसांत उपयोगी पडणारे ज्ञान दडवून ठेवण्याने दोष कुणाच्या माथी जातो हे बदलत नाही.

हातात आली ती वस्तू वापरली आणि समोरचा जखमी झाला, तर आपणच आत जाऊ, ही भीतीही खरी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ या बाबतीत आहेत आणि ती बहुतांशी जुन्या दंडसंहितेसारखीच आहेत. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क ती देतात. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला, जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती अशा प्रसंगी तो हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही पोचतो. मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात बापाने आपल्या अल्पवयीन मुलीवर अत्याचार होताना पाहिले आणि हल्लेखोरावर फावड्याचा घाव घातला. तो माणूस दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली बापाचा स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. २०१० मध्ये दर्शनसिंग खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की धोक्यात सापडलेल्या माणसाने घाव मोजूनमापून घालावेत अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मर्यादा मात्र ठाम आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि धोक्याची भीती संपली की हक्कही संपतो. पळणाऱ्याच्या मागे छत्री घेऊन धावणारा माणूस कायद्याच्या नजरेत बचाव करत नसतो. तेव्हा सुटका होताच थांबावे, उजेडात आणि माणसांत जावे, ११२ ला कळवावे. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण सांगून कुणी परत पाठवले तर आग्रह धरावा. अंगावरच्या खुणांची त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्यावी, फाटलेली ओढणी धुऊ नये, आणि ज्या छत्रीने वाचवले ती पुसून न ठेवता तशीच पोलिसांच्या हवाली करावी.