अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि तिसावा दिवस

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवले आहे, असे आपण पुष्कळदा ऐकतो. बाळ पेटीबाहेर आले, त्याचे वजन वाढू लागले, की घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु अशा बाळावरचे एक संकट बहुधा त्यानंतरच वाढीस लागते, आणि ते वरून कोणालाही दिसत नाही. त्या विकाराचे नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, थोडक्यात आर. ओ. पी. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. पण माझ्या मावसबहिणीच्या बाळाला हा विकार झाला, तेव्हा डॉक्टरांनी जे समजावले आणि पुढे वाचून जे कळले, ते येथे सोप्या शब्दांत मांडते.

हा विकार १९४२ साली बोस्टनच्या डॉ. थिओडोर टेरी यांनी प्रथम नोंदवला. त्या काळी पाश्चात्त्य रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत भरपूर प्राणवायू दिला जाई. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी या प्राणवायूवरच संशय घेतला आणि पुढे अमेरिकेतील मोठ्या चाचणीत तो खरा ठरला. १९५० मध्ये जन्मलेले प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर यांची दृष्टी याच विकाराने गेली. नंतर प्राणवायू फारच आखडता घेतला, तेव्हा बाळे दगावू लागली. म्हणून आता तो मोजूनमापून देतात.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. गर्भात साधारण सोळाव्या आठवड्यापासून त्याच्या रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढू लागतात व चाळिसाव्या आठवड्याच्या सुमारास कडेपर्यंत पोचतात. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे हे काम अर्धवट राहिलेले असते. येथे आमच्या अर्थशास्त्रातला मागणी-पुरवठ्याचा हिशेब उपयोगी पडतो. कडेच्या भागाला प्राणवायू हवा असतो, पण तो पोचवणाऱ्या वाहिन्याच नसतात. मग तो भाग रासायनिक द्रव्ये सोडून मागणी करू लागतो. पुष्कळ बाळांत हे आपोआप सुरळीत होते. काहींत मात्र मागणी बेसुमार वाढते आणि नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या उगवतात. त्यांतून रक्त झिरपते, व्रण धरतात, आणि ते आकसले की दृष्टिपटल जागेवरून सुटते. एकदा ते पूर्ण सुटले, की शस्त्रक्रिया करूनही दृष्टी क्वचितच येते.

लेसर नेमका कोठे काम करतो? तो पुरवठा वाढवत नाही, मागणी बंद करतो. औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात. डॉक्टरांच्या डोक्यावर बसवलेल्या उपकरणातून किरण बाहुलीवाटे आत जातो. वाहिन्या न पोचलेल्या कडेच्या भागावर शेकडो, कधी हजाराहून अधिक बारीक डाग दिले जातात. कोठेही चिरावे लागत नाही. तो भाग निकामी होतो, त्यामुळे बाजूचे थोडे दिसणे कमी होते. पण समोरचे, वाचण्या-लिहिण्याचे, माणूस ओळखण्याचे दिसणे वाचते. पूर्वी हेच काम गोठवून करत. १९९० नंतरच्या दशकात लेसर रूढ झाला. काही बाळांना आता डोळ्यात इंजेक्शन देतात, पण त्यानंतर तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात.

या उपचाराला मुदत असते. मुदतीच्या हुंडीला तीन दिवसांची सवलत मिळते, हे आम्ही पाठ करतो. येथेही उपचाराची गरज ठरली की दोन-तीन दिवसांत लेसर व्हावा लागतो. आणि गरज ठरण्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी. आपल्या देशातला नियम असा : ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आत तपासावेत, २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमहून हलक्या बाळाचे दोन-तीन आठवड्यांतच.

आता आपल्या घरांतली रीत पाहा. बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे तिसावा दिवस नेमका या सव्वा महिन्यात येतो! माझी ताई तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. घरी सोडताना मिळालेल्या कन्नड पत्रकात 'कण्णिन परीक्षे' आणि तारीख होती. घरात कन्नड वाचणारी मी एकटीच. मी अर्थ सांगितला, तेव्हा आजी म्हणाली, "अगं, डोळे कसे टपोरे आहेत पोराचे! सव्वा महिना होऊ दे, मग न्या." वास्तविक या विकारात डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडतही नाही. दोन दिवस वाद झाला. शेवटी मावशीने बाळाला दुपट्यात गुंडाळले आणि सत्ताविसाव्या दिवशी आम्ही गेलो. त्यानंतर दर आठवड्याला तपासणी झाली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी लेसर सांगितला व दुसऱ्याच दिवशी दोन्ही डोळ्यांवर केला. सव्वा महिना पाळून पहिल्यांदा गेलो असतो, तर हाती किती दिवस उरले असते? आज तो तीन वर्षांचा आहे, चष्मा लावतो, आणि जमिनीवर सांडलेला मोहरीचा दाणासुद्धा टिपतो.

२०२० मध्ये भारतात सुमारे तीस लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. प्रत्येक गावी नेत्रपटलतज्ज्ञ कोठून मिळणार? यावर आपल्या कर्नाटकातच एक वाट काढली गेली. बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये 'किड्रॉप' उपक्रम सुरू केला. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्यांतील रुग्णालयांत जातात, बाळाच्या डोळ्यांची छायाचित्रे घेतात, आणि दूर बसलेले तज्ज्ञ ती पाहून निर्णय देतात.

यंत्रे आहेत, तज्ज्ञ आहेत; मधला दुवा घरातल्या माणसांनी जोडायचा आहे. आपल्या गल्लीत, नात्यात अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मले, तर बारशाची तारीख विचारण्याआधी डोळे तपासण्याची तारीख विचारा. कागद कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, आपण दोन भाषा शिकलेले विद्यार्थी तो वाचून दाखवू शकतो. आपल्या शिक्षणाचा एवढा उपयोग तर व्हायलाच हवा.