कांदा काढणी : यंत्राने की हाताने?

उसात कांद्याचे आंतरपीक घेणारे आपले सभासद सध्या एकच प्रश्न विचारतात : "बाया मिळत नाहीत, कांदा काढायचं यंत्र घ्यावं का?" उत्तर देण्याआधी आम्ही जरा लांबून, बदलापूर गावापासून सुरुवात करतो.

उल्हास नदीकाठचे हे ठाणे जिल्ह्यातले गाव. घोडे बदलायचा मुक्काम म्हणून बदलापूर, असे सांगतात. (आपण आता माणसे बदलायला निघालो!) इकडची शेती म्हणजे बांध घातलेली लहान लहान भातखाचरे. तिथे ट्रॅक्टर वळवायचा तर निम्मे रान वळणातच जायचे. पाणी असेल तिथे भातानंतर थोडाफार कांदा लावला, तर तो हातानेच उपटावा लागणार. कोकणातच अलिबागचा पांढरा कांदा पाहा. त्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो पातीसकट काढतात आणि वेणीसारखा गुंफून माळेने विकतात. पात तुटली की माळ गेली. तिथे यंत्र काय करणार?

देशावरच्या मोठ्या रानात गोष्ट वेगळी. ट्रॅक्टरमागच्या यंत्राचे पाते कांद्याखालून जाते, माती व कांदा गजांच्या फिरत्या साखळीवर चढतो, माती झडते, कांदा मागे ओळीने पडतो. झाले, एवढेच! पात कापायची, कांदा निवडायचा, तो माणसांनीच. आणि शेतकरी बांधवांनो, खरा वेळ जातो तो तिथेच. यंत्र आले म्हणजे सगळी मजुरी वाचली, हा हिशेब कागदावरचा.

शिवाय यंत्राला रान तसे लागते. १२० सेंटिमीटर रुंदीचे गादीवाफे असतील तर ते सरळ चालते. आडवे बांध असलेल्या सपाट वाफ्यांत अडते. रान फार वाळले तर ढेकळांनी कांदा ठेचतो, ओले असेल तर माती सुटत नाही. ऊसतोडणी यंत्रासाठी सरीचे अंतर लागणीलाच ठरवावे लागते, तसेच हे. आणि ठेचलेला कांदा आज दिसत नाही, चाळीत सडल्यावर वास येतो!

आता आपला मूळ प्रश्न. सरीत ऊस आणि वरंब्यावर कांदा असेल, तर पाते घालू नका. उसाच्या मुळ्या आणि फुटवे कापले जातील. तिथे हातच बरे. अर्ध्याअधिक माना पडल्या की उसाच्या मोठ्या बांधणीआधी कांदा उपटून घ्यावा, रानात सुकवावा आणि दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी.

निव्वळ कांद्याचे मोठे रान असेल, त्याने यंत्र विकत घेण्याआधी भाड्याने आणून पाहावे. एक वाफा यंत्राने काढा, एक हाताने. दोन्ही माल चाळीत वेगळा ठेवा आणि दोन महिन्यांनी सडका कांदा मोजा. मजुरीचा आणि सडीचा आकडा आपल्या गट कार्यालयात लिहून द्या. आम्ही तो पुढच्या अंकात छापू.