कोळशाला नदीचा गाळ चालत नाही

प्राचीन नद्यांनी झाडे वाहून आणली, ती त्रिभुज प्रदेशातल्या गाळात गाडली गेली आणि दाबाखाली त्यांचा कोळसा झाला, असे सर्रास सांगितले जाते. यातले पहिले पाऊलच बहुतेक ठिकाणी चुकते. नदी मुख्यतः वाळू आणि चिखल आणते. त्यात पालापाचोळा मिसळला तर काळपट शेल तयार होतो, जळण्याजोगा कोळसा नव्हे. म्हणून कोळसा हा नदीने उभारलेल्या जमिनीवरचा, पण नदीच्या पुराची झळ न लागलेल्या दलदलीचा ठेवा मानावा लागतो. पुरावा खडकांतच आहे. 1840मध्ये विल्यम लोगन यांनी साउथ वेल्समधल्या कोळशाच्या थरांखालच्या मातीकडे लक्ष वेधले. थरामागून थर पाहिला तरी खाली तीच मुळांनी भरलेली माती होती, आणि मुळांचे बारीक फाटे जिवंतपणी पसरावेत तसेच चहूकडे पसरलेले होते. कॅनडातल्या जॉगिन्स इथल्या कड्यात तर सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वीचे बुंधे वेगवेगळ्या पातळ्यांवर उभेच्या उभे आहेत. वाहून आलेले लाकूड असे ओळीने उभे राहत नाही.

मात्र झाडे जागेवरच वाढली एवढ्याने भागत नाही. ती कुजून नाहीशी व्हायला नकोत. साचलेल्या पाण्यात प्राणवायू तुटपुंजा असतो, तिथे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे पीट साठते, तेही साधारणपणे वर्षाला मिलिमीटरच्या आसपास. जमीन जवळपास त्याच वेगाने खचत राहिली तरच थर जाड होतो. भराभर खचली तर वर तळे किंवा समुद्र पसरतो आणि पीटवर चिखल बसतो. खचली नाही तर पीट उघडे पडून सडते. एक मीटर कोळशासाठी कित्येक मीटर पीट लागते, म्हणजे हा तोल हजारो वर्षे टिकावा लागतो. कोळशाच्या थरांमध्ये वाळूखडक आणि शेल पुन्हा पुन्हा का येतात, तेही यावरून कळते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मिसिसिपीसारख्या आजच्या त्रिभुज प्रदेशांतल्या दलदलीत पुष्कळ गाळ मिसळतो. मग स्वच्छ कोळसा आला कुठून? उत्तर सारावाकच्या राजांग नदीच्या मुखाशी मिळते. तिथे केवळ पावसावर पोसलेले पीट मधोमध घुमटासारखे उंचावते आणि पुराचे गढूळ पाणी वर चढूच शकत नाही. कित्येक मीटर जाडीचे हे पीट नदीच्या शेजारी असूनही तिच्यापासून अलिप्त आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. चंद्रपूर आणि वणीकडचा वर्धा खोऱ्यातला पर्मियन काळातला कोळसा समुद्रकाठचा नाही. खचत्या खोऱ्यातल्या नद्यांच्या मैदानांवर ग्लॉसोप्टेरिसच्या रानांतून तो घडला. भारतातल्या अशा कोळशात राख अनेकदा 30 टक्क्यांहून जास्त निघते, आणि तो वाहून आलेल्या अवशेषांचा आहे असे मत त्यावरूनही मांडले गेले. काही थरांत तसे झालेही असेल; पण नुसती राख त्याचा पुरावा ठरत नाही, कारण जागेवरच वाढलेल्या दलदलीत पूर वारंवार शिरला तरी हाच परिणाम होतो. उलट राखेमुळे मूळ मुद्दा बळकटच होतो: नदी जितकी आत आली, तितका कोळसा मलिन झाला. जुन्या पात्राच्या दिशेने माग काढत गेल्यास एकच जाड थर कधी दोन-तीन फाट्यांत विभागतो आणि मधली शेल-वाळूखडकाची पाचर रुंदावत जाते. कुठे तर पात्राने पीटच कापून नेलेले असते आणि कोळशाच्या जागी नुसता वाळूखडक लागतो.